आजोबांचा रेझर आणि निम्मी मिशी

तुमचा विश्वास बसणार नाही, पण एका जुन्या रेझरनं अख्ख्या कचेरीच्या मिशा निम्म्या केल्या. रेझर आमच्या मेव्हण्याच्या आजोबांचा.

मेव्हण्याची हेडक्लार्कच्या जागेसाठी मुलाखत होती. साहेबांना जुन्या वस्तूंचं भलतंच वेड. "आजोबांच्या रेझरनं दाढी करून आलोय, साहेब," एवढं सहज बोलून जायचं, की खुर्ची आपलीच, असा त्याचा बेत. म्हणून त्यानं माळ्यावरून तो पितळी रेझर शोधून काढला. हिरवा पडलेला, साबणाचे थर दगडासारखे, दांडी काही केल्या फिरेना. दोन दिवस व्हिनेगरमध्ये बुडवला, मग दातांच्या ब्रशनं घसाघसा घासला.

"अहो, तो ब्रश माझाय!" त्याची बायको किंचाळली.

"बढती होऊ दे, डझनभर आणतो."

रेझर सोन्यासारखा झळकला. पण मुलाखतीच्या सकाळी घाईघाईत यानं पात्याखालची जाळी उलटी बसवली. पातं उघडंच राहिलं. गालावरून ऐटीत एक लांब हात फिरवला, तर डावी मिशी बेसिनमध्ये तरंगतेय!

"मग उरलेली पण काढून टाका की."

"वेडी की काय! ओळखपत्रावर मिशी आहे. निदान अर्धा तरी मी वाटलो पाहिजे!"

साहेबांनी त्याला पाहिलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हे काय?"

आजोबांच्या रेझरचं नाव काढायची आता सोय नव्हती. एवढ्यात त्याची नजर भिंतीवरच्या काटकसरीच्या परिपत्रकावर गेली.

"साहेब, सगळं निम्म्यावर आणा असा वरचा हुकूम आहे ना? मी स्वतःपासून सुरुवात केली."

साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. "चाळीस माणसांत परिपत्रक वाचणारा एक निघाला!"

रेझर लगेच घरून मागवला, आणि दुपारपर्यंत कचेरीच्या मोरीपाशी त्याच्यासाठी ही रांग! ज्यांना मिशाच नव्हत्या, त्यांनी आधी त्या वाढवायच्या म्हणून महिन्याभराच्या रजेचे अर्ज टाकले. टायपिस्टबाई तणतणत आल्या, "आम्ही काय निम्मं करायचं?" साहेब गंभीरपणे म्हणाले, "वर विचारणा केली आहे." आणि शेवटी साहेबांनी स्वतःची झुपकेदार मिशी उडवली, अगदी पट्टीनं मोजून निम्मी, आणि तशाच तोंडानं बढतीच्या कागदावर सही—

"पुरे झालं!" इतका वेळ दारात वाटाणे सोलत बसलेली आमची सौभाग्यवती कडाडली. "माझ्या भावाच्या मिशीला उगाच हात लावू नका! रेझर तुमच्या आजोबांचा, नि मिशी गेली ती तुमची. मुलाखतीला बोलावलं होतं दोघांनाही, पण तुम्ही तोंडाला रुमाल बांधून घरात दडून बसलात, म्हणून तो एकटाच गेला. झाला ना हेडक्लार्क, सबंध मिशीनिशी!"