आधी खोट सांगा

आमच्या सिदूभाऊजींना कुणी काही विकायला आलं, की ते किंमत विचारत नाहीत. “आधी खोट सांगा,” म्हणतात. शिरूरच्या बाजारातल्या भाजीवाल्या त्यांना लांबून बघूनच वांग्याची किडकी बाजू वर करून ठेवतात.

सिदूभाऊजी माझे धाकटे दीर. सणसवाडीच्या कारखान्यात जन्मभर क्वालिटी चेकिंगला होते. कंपनीची सहल एकदा गोव्याला गेली. बाकीचे कॅसिनोत हरून आले. हे एक डावही न खेळता, तिथं पैशाऐवजी लावतात ती रंगीत चकती, म्हणजे चिप, खिशात घालून आले. तिथून नाद लागला. आज त्यांच्याकडे देशोदेशीच्या चिपा आहेत आणि पत्त्यातला गुलाम अजून ओळखता येत नाही!

चिप आली की आधी वास, मग काठ. “वहिनी, काठाचा पट्टा आतपर्यंत गेलेला पायजे. नुसता वरनं रंगवला असंल तर माल रिजेक्ट.” पण खरी तपासणी विकणाऱ्याची. फोनवर “पहले खोट बताओ” म्हटल्यावर समोरचा “एकदम ओरिजिनल पीस, अंकल” म्हणाला, की फोन बंद. एकजण मात्र म्हणाला, “अंकल, किनारा टूटा है. और असली है कि नहीं, मुझे भी पक्का मालूम नहीं.” त्याच्याकडून लगेच घेतली. अस्सल निघाली. भाऊजींनी ती गल्लीभर दाखवली, आणि खोटं कशाला बोलू, त्यांच्यामागून मीही मिरवले.

जाऊबाई गेल्यापासून ते जेवताना समोर चिपांचा अल्बम उघडा ठेवतात. एकट्यानं घास उतरत नाही म्हणे. म्हणून मी स्थळं बघायला घेतली. पहिल्या दोघींना यांनी “आधी खोट सांगा” म्हटलं. दोघीही चहा न पिता उठल्या.

तिसरी दौंडची. सुमनबाई, रिटायर नर्स, त्याही एकट्याच. एसटीत मी भाऊजींना बजावलं, “आज तो शब्द काढलात तर परत तुमच्यासाठी कुणाचं दार वाजवणार नाही.”

“मग काय, पाटावर हुबं राहू?”

त्यांना बरं आठवलं! मला बघायला आले तेव्हा उंच दिसावं म्हणून मी पाटावर उभी होते, पाट झाकायला साडीच्या निऱ्या खाली सोडून. काय ती अक्कल! “चालून दाखव” म्हटल्यावर थेट चहाच्या कपांवर पडले. आणि हेच भाऊजी, तेव्हा चड्डीतले, ओरडले होते, “पाट हाय खाली!”

सुमनबाईंकडे बसल्या बसल्या भाऊजींनी सुरू केलं, “माझी खोट आधी सांगतो. घोरतो. तोंडावर बोलतो. डाव्या कानानं ऐकू येत न्हाई.”

मी कपाळाला हात लावला.

सुमनबाई उठल्या, आपली खुर्ची उचलली आणि भाऊजींच्या उजव्या बाजूला आणून ठेवली. “हं, आता बोला,” म्हणाल्या.

मग ते बोलतच राहिले. गोव्याची चिप काढून तिचा काठ दाखवला.

परतताना एसटीत मी विचारलं,

“भाऊजी, चिप कुठाय?”

“तिकडंच राह्यली.”

“आणि बाईंची खोट काय निघाली?”

ते खिडकीकडे वळले.

“विचारायची राह्यलीच, वहिनी.”