कय्यूमभाऊंची थंडगार स्ट्रॅटेजी

सायमानं स्ट्रॅटेजीची व्याख्या सांगितली तेव्हा कय्यूमभाऊ कूलरच्या टाकीत डोकं घालून मोटर बसवत होते. त्यामुळं ती त्यांना घुमून, जरा भारदस्तच ऐकू आली.

"गिऱ्हाईकानं समोरच्या दुकानात न जाता आपल्याच दुकानात काऊन याव, याचं उत्तर म्हंजे स्ट्रॅटेजी, अब्बू."

कय्यूमभाऊंनी डोकं बाहेर काढून समोर पाहिलं. राजुऱ्याच्या रस्त्यापलीकडं झिंगूचं दुकान. तिथंही कूलरच. तोच पत्रा, तेच पंखे, तोच भाव. मृगाआधी माल खपला नाही तर तो वर्षभर गंज खात पडणार, हे दोघांनाही ठाऊक.

"सगळा माल खपव, अन् मंग गल्ल्यावर तूच बस," त्यांनी शब्द दिला. नागपुरात मॅनेजमेंट शिकून आलेल्या सायमाला गल्लाच तर हवा होता.

दुसऱ्या दिवशी सर्वांत मोठा कूलर दाराशी सुरू झाला. वाळ्याचे पडदे, पाण्याचा माठ, ओळीनं खुर्च्या. बाहेर सत्तेचाळीस डिग्री. दुपारपर्यंत दुकान तुडुंब, आणि झिंगूकडं कुत्रंही फिरकेना.

"व्याख्या जोरात चालून राह्यली," म्हणत कय्यूमभाऊ हात चोळत येरझाऱ्या घालू लागले.

व्याख्येत फक्त विकत घेण्याचं तेवढं राहून गेलं होतं.

कोळसा खाणीतून रिटायर झालेले लटारूभाऊ उशी घेऊन यायला लागले. आशाबाई चारोळी फोडायला घेऊन बसल्या. कुणाच्या तरी मुलीला बघायचा कार्यक्रमही इथंच उरकला, घरी पाहुण्यांना फार उकडतं म्हणून. पोह्यांच्या बशा कय्यूमभाऊंनी उचलल्या. त्यात खरं गिऱ्हाईक आलंच, तर लटारूभाऊ सरकून त्याला जागा देत.

"कूलर पाह्यजे होता."

"काऊन घेता भाऊ उगीच? बिल तुमच्याच घरी येईन. बसा इथी."

गिऱ्हाईक बसायचं. ज्याला जागा मिळायची नाही, ते रस्ता ओलांडून झिंगूकडून कूलर घेऊन जायचं.

आठवडाभरानं सायमा म्हणाली, "अब्बू, व्याख्या उलटी करा. हे लोकं झिंगूकाकाकडं काऊन जातीन?"

कय्यूमभाऊंचे डोळे लकाकले. त्यांनी बटण बंद केलं. "मोटर जळली, लटारूभाऊ. झिंगूकडं पाहा, काय हवा सुटून राह्यली." खुर्च्या त्यांनी स्वतः पलीकडं नेऊन मांडल्या, माठासकट. भरलेलं दुकान पाहून झिंगूला गहिवरून आलं. "तुमच्यासारखा शेजारी नाई, भाऊ."

आता झिंगूच्या दारातून आत शिरायला वाट उरली नाही आणि कय्यूमभाऊंचं दुकान कसं मोकळं. सायमानं भाव थोडा उतरवला. टेम्पो लागले. गडचांदूरला गेले, विरूरला गेले. कय्यूमभाऊ घामानं निथळत, गाणं गुणगुणत दोऱ्या आवळत होते. गोदाम संपलं, दाराशी ठेवलेला मोठा कूलरही गेला. शेवटी एक लग्नघरवाला हटूनच बसला, तेव्हा त्यांनी घरचा कूलर काढून दिला. सायमा थाटात गल्ल्यावर बसली.

संध्याकाळी सायमाची अम्मी, रहमतबी, दुकानात आल्या. "घरातला बी इकला? उद्यापासून नवतपा लागते. नऊ दिवस नुसती आग, झोपाल कुठी?"

कय्यूमभाऊ रस्ता ओलांडून गेले. आशाबाईंना ओलांडलं, लटारूभाऊंचे पाय बाजूला केले. मागं झिंगूचं गोदाम छतापर्यंत भरलेलं.

"झिंगू, एक कूलर दे. नेहमीच्या भावात."

"तो भाव कालपर्यंत, भाऊ. आता बाजारात माल फक्त माह्याकडं हाय. दीडपट."

कय्यूमभाऊंनी विचारलं, "ही कोणती स्ट्रॅटेजी म्हनाव?"

"मले काय मालूम," झिंगू संकोचून म्हणाला. "तुमी धाडलेल्या लोकायनं मले काई विकूच देल्लं नाई."