खरातमामांची साक्ष

खरातमामा कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांना भेटत नाहीत, नळाला भेटतात. चपला दाराशी काढायच्या, थेट मोरीत जायचं, तोटी पिळून बघायची आणि मग बाहेर येऊन सगळ्यांना "सलाम" म्हणायचं. सलामापाठोपाठ निदान येतं, "वायसर गेलंय."

आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही आलं तर. त्यामुळे मामा बहुतेक वेळा कोरडीच तोटी तपासतात. पण पाणी येवो न येवो, आपण तयार असावं असं त्यांचं म्हणणं. हे ते बायबलात शिकले की सरकारी नोकरीत, ते मला अजून कळलेलं नाही.

नाव शांतवन खरात. उभी नोकरी कन्नड आणि वैजापूरकडच्या खेड्यांतले हापसे दुरुस्त करण्यात गेली. माणसांचे आजारही ते हापशाच्याच भाषेत सांगतात. गल्लीतले वकील फार बोलतात, त्यांचं वायसर ढिलं. माझी पेन्शनची फाइल अडकली तेव्हा म्हणाले, "सर, आतली चेन तुटली. आता वरून कितीबी हापसा, खाली कायबी हालत नाय." फाइलचं इतकं अचूक वर्णन मला कुठल्याच कचेरीत कुणी करून दिलं नव्हतं.

त्यांची बायको रूथबाई अकरा वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. छावणीजवळ दोन खोल्यांत एकटेच राहतात. रविवारी चर्च आणि बाकीचे दिवस गल्लीतले नळ. आमच्या मोरीतली तोटी गेली कित्येक वर्षं थोडी थोडी गळते. प्लंबरला बोलवू म्हटलं की माझी बायको सुनंदा म्हणते, "राहू द्या. ती नीट झाली तर मामा कशासाठी येतील?"

गेल्या वर्षी त्यांच्या चर्चची तरुण मंडळी सेवेसाठी झांबियाला जायची ठरली. आफ्रिकेतल्या एका खेड्यात पंधरा दिवस राहायचं, मुलांना गाणी आणि बायबलच्या गोष्टी शिकवायच्या. तिथल्या चर्चच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, कळवलं होतं की गावातले दोन्ही हापसे बंद आहेत, जाणकार कुणी असेल तर आणा. इथल्या पाळकांनी हे उपासनेत वाचून दाखवलं आणि सगळ्या चर्चनं मान वळवून मागच्या बाकाकडं पाहिलं.

मामा तोवर पुण्याच्या पुढं गेले नव्हते. पासपोर्टचा अर्ज भरायला ते माझ्याकडं आले, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. शहागंजातून नवी बॅग आणली. तिच्यात तीन डझन चामडी वायसर, दोन पाइपपाने, ग्रीसचा डबा आणि उरलेल्या जागेत कपडे. बॅगेचं वजन जास्त भरलं तेव्हा त्यांनी तीन शर्ट काढून ठेवले. पाना काढा म्हटलं तर म्हणाले, "शर्टानं हापसा खुलतो व्हय?"

विमानाची त्यांना भीती नव्हती. भीती होती साक्षीची. परगावच्या मंडळीपुढं उभं राहून, देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं, याला साक्ष देणं म्हणतात. मामांना ते कधी जमलं नव्हतं. आमच्या ओट्यावर त्यांनी आठ दिवस तालीम केली. सुरुवात देवापासून व्हायची, पण दुसऱ्या वाक्याला ते कन्नडच्या घाटात पोचायचे आणि तिसऱ्याला एकशेवीस फुटांवर अडकलेला पाइप वर ओढायला लागायचे. सुनंदा म्हणाली, यात देव कुठं आहे? मामा विचारात पडले. मग म्हणाले, "पाइप निघाला ना शेवटी."

झांबियातून त्यांचा एकच निरोप आला, फोनवर बोलून पाठवलेला. मागं बायकांचा गलका ऐकू येत होता आणि पाणी पडल्याचा आवाज. मामा म्हणत होते, "सर, लई लांब आलो, पण तोच आपला हापसा हाय. मेक बी इंडियाचं."

परत आल्यावर त्यांनी गल्लीला सगळं सांगितलं, म्हणजे हापशांचं सगळं. पाइप किती फूट होते, रॉड कुठं गंजला होता, ओढायला किती बाया आल्या. आणि त्यानंतर ते यायचे बंद झाले. एक आठवडा गेला, दुसरा गेला. पाण्याच्या दिवशीसुद्धा मामा कुणाच्या मोरीत दिसले नाहीत. शेवटी एका दुपारी सुनंदानं डब्यात पोळीभाजी भरली आणि मला पाठवलं.

मामा खाटेवर बसले होते. समोर खुर्चीवर एक कापड घडी घालून ठेवलेलं. पिवळंजर्द, त्यावर मोठमोठी निळी पानं.

मी विचारलं, तब्येत बरी आहे ना? ते म्हणाले, बरी आहे. मग कापडाची घडी सारखी करत म्हणाले, "सर, मी तिथं खोटं बोललो. चर्चमधी."

झालं होतं असं. पहिल्याच रविवारी त्यांना साक्षीला उभं केलं. बरोबर गेलेली तरुण मंडळी तेव्हा बाहेर झाडाखाली मुलांना गाणी शिकवत होती. दुभाष्या शेजारी होता, पुण्यात शिकून परतलेला तिथलाच एक जण. मामा अजून घाटापर्यंतही पोचले नव्हते, तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीनं विचारलं, एकटेच आलात? बायको कुठं आहे? आणि मामांच्या तोंडून निघून गेलं, घरी आहे, तिचे गुडघे दुखतात.

दुभाष्यानं ते सांगितलं. सगळं चर्च हळहळलं. पाळकांनी सगळ्यांना उभं केलं आणि दीडदोनशे माणसांनी डोळे मिटून रूथबाईंच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली.

"तेव्हाच सांगायला पायजे होतं," मामा म्हणाले. "पण नाय सांगितलं. मग रोज हापशावर कुणी ना कुणी विचारायचं, आपली पोरं तिकडं मुलांत असायची. ती स्वयंपाक काय करती, रागीट हाय का, मी बी सांगत गेलो. इथं समद्यांना ठावं हाय ती गेली ते. तिचं नाव निघालं की लोक गप व्हतात. तिथल्या कुणालाच ठावं नव्हतं. पंधरा दिवस ती व्हती, सर."

निघताना त्या म्हातारीनं बायकोसाठी म्हणून हे कापड दिलं. तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात तसलं. इथं आल्यापासून मामा त्याच्यासमोर बसून होते. कुणाला द्यावं तर ते दुसऱ्याच्या नावाचं. ठेवावं तर खोट्याची खूण. इथल्या पाळकांना सांगायचं धाडस होत नव्हतं आणि न सांगता प्रार्थनाही होत नव्हती.

त्यात सकाळी तिथल्या पाळकांचा फोनवर इंग्रजीत मेसेज आला होता. मामांनी फोन माझ्या हातात दिला. मी वाचून सांगितलं. दोन्ही हापसे चालू आहेत. म्हातारी विचारते, कापड आवडलं का? आणि गुडघे आता कसे आहेत, आम्ही अजून प्रार्थना करतो आहोत.

मी म्हणालो, "मामा, खरं ते लिहून टाकू. ती माणसं समजून घेतील."

त्यांनी कापड उचलून मांडीवर घेतलं. मी शब्द जुळवत होतो, इंग्रजीत हे कसं सांगावं. तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"कापडाचं लिहा, पोचलं म्हणून. लई आभारी हाय."

मी लिहिलं.

"आणि गुडघ्यांचं लिहा," मामा म्हणाले, "आता अजिबात दुखत नायत."

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी ते वाक्य लिहिलं आणि मेसेज पाठवून दिला.