आत्याचा चौथा अर्ज

मरण ही अत्यंत जबाबदारीची बाब असल्यामुळे ती आजारी माणसावर सोपवून चालत नाही. म्हणूनच आमच्या रुग्णालयात 'साहाय्यित मृत्यू समिती' आहे, आणि तिचा सचिव या नात्याने सांगतो, इतकी लोकप्रिय समिती दुसरी नाही.

पहिला अर्ज माझ्या आत्याचा. (नातं मी बैठकीत रीतसर जाहीर केलं होतं. कुणी आक्षेप घेतला नाही, कारण कुणी ऐकत नव्हतं.) जन्मभर शाळेचे गणवेश शिवलेली बाई. आजार हाडात उतरलेला, बरा न होणारा. वर्षभर कळवळत होती. दुखणं थांबवणारं जालीम औषध कपाटात होतं, पण त्याची पुढे सवय लागते म्हणून डॉक्टरांनी दिलं नव्हतं. तिच्या पुढच्या आयुष्याची काळजी आम्हाला पहिल्यापासूनच.

अर्ज आला आणि नियम लागू झाले. वेदनेच्या भरात घेतलेला निर्णय ग्राह्य नसतो, सबब आधी वेदना थांबवणे. डॉक्टरांनी अर्जदाराजवळ बसणे (दाराच्या मुठीवर हात ठेवून उभं राहणं म्हणजे बसणं नव्हे, असा खुलासा नंतर जोडावा लागला). नातेवाइकांना हजर करणे. खाट खिडकीजवळ देणे, म्हणजे अर्जदाराला जग नीट पाहून मग नको म्हणता येतं.

आत्या वर्षात पहिल्यांदा सलग झोपली. उठून चहा प्यायली, डॉक्टरांच्या कोटाचं लोंबणारं बटण घट्ट लावून दिलं आणि म्हणाली, "अहो, मरायचं राहू दे सध्या. बरं चाललंय."

समितीने तिचं अभिनंदन करून अर्ज निकाली काढला. औषध बंद झालं, कारण ते मरू इच्छिणाऱ्यांच्या खात्यातलं. डॉक्टरांची खुर्ची उचलली गेली. नातेवाईक पांगले, त्यांत मीही. दोनच दिवसांनी आत्या म्हणाली, "सिस्टर, मला मरायचंय. खुर्ची आणा."

ही युक्ती वॉर्डभर पसरली. गुडघेवाल्यांनी अर्ज केले, हर्नियावाल्यांनी केले, पेशंटला भेटायला आलेल्या एका मेहुण्यानेही केला (त्याला फक्त कुणीतरी ऐकून घेणारं हवं होतं). वर्षअखेर अर्जदार दोनशे बारा, समितीमार्फत मृत एकही नाही. हे यश शंभर टक्के की शून्य टक्के, यावर लेखापरीक्षक अजून डोकं धरून बसले आहेत.

गेल्या आठवड्यात आत्याचा चौथा अर्ज आला. आता ते औषधही पुरेनासं झालं होतं. डॉक्टर बसलेले होते, खिडकी उघडी होती, आम्ही सगळे हजर होतो. माझा हात धरून ती म्हणाली, "या वेळी खरंच रे. खूप झालं. खुर्ची नको मला."

मी तिचं म्हणणं समितीपुढे शब्दशः वाचून दाखवलं. 'खुर्ची नको'ला कुणालाच हसू आवरेना. सवयीची अर्जदार, असा शेरा मारून अर्ज फेटाळण्यात आला.

सदस्यांना दोष देऊ नये, माणसं चांगली आहेत. मघाशी 'खुर्ची आणा'ला आपण हसलात ना, अगदी तसंच हसले ते.