निष्ठेचे स्थानिकीकरण

जमालुद्दीन परकार हे सौदीतल्या रास तनुऱ्यातील एका कंत्राटदाराकडे पाइप फिटिंगचे सुपरवायझर आणि नॉर्थविक रोव्हर्स या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबच्या तेथील समर्थक शाखेचे प्रमुख ढोलवादक होते. ओळख करून देताना ते दुसरा हुद्दा आधी सांगत. नॉर्थविक त्यांनी पाहिले नव्हते. पण क्लब हरला की ते जेवत नसत, आणि बावीस वर्षांत त्यांचे वजन अकरा किलोंनी घटले होते.

अशात क्लब एका गादी कंपनीने विकत घेतला. नॉर्थविकच्या म्हाताऱ्या समर्थकांना जुन्या स्टँडवरून उठवण्यात आले, कारण ते फोटोत दमलेले दिसत. मग कंपनीचे लक्ष आखाताकडे वळले. जाहिरातीसाठी 'अस्सल स्थानिक जल्लोष' हवा होता आणि रास तनुऱ्याच्या फोटोतला जल्लोष सगळा श्रीवर्धन-दापोलीचा निघाला. यजमान देशाच्या 'नोकऱ्या आधी नागरिकांना' या धोरणाचा आदर म्हणून क्लबने शाखेला लाल पट्ट्यात, म्हणजे स्थानिक कमी पडलेल्यांच्या यादीत, टाकले. आदेश आला: ढोलवादकाचे पद नव्वद दिवसांत सौदी नागरिकाकडे सोपवावे; प्रशिक्षण विद्यमान पदधारकाने द्यावे.

"माझ्या भावाची दुकानातली नोकरी अशीच गेली," पत्नी हफीजा म्हणाली, "तेव्हा तुम्हीच म्हणालात, त्यांचा देश, त्यांचा नियम."

"ती नोकरी होती गं. हे माझं आयुष्य आहे."

"मग आयुष्यासाठी चार घास खा. हरले ते तिकडे, कालवण निवतंय इथे."

उमेदवार हाशम पदवीधर आणि विनयशील होता. त्याला टेबल टेनिस आवडे. तो वही घेऊन बसला.

"जमाल, पंचाला आंधळा कधी म्हणायचं?"

"निर्णय आपल्याविरुद्ध गेला की."

"आणि बाजूने गेला तर?"

"तर अभ्यासू."

हाशमने लिहून घेतले.

नव्वदाव्या दिवशी रोव्हर्स चार शून्य हरले. हाशमने समोरचे कबशाचे, म्हणजे मटण-भाताचे, ताट सरकवले आणि तोंड फिरवले. जमालुद्दीनचा ऊर भरून आला. त्यांनी दाखला लिहिला: 'प्रशिक्षणार्थी खरोखर दुःखी झाला आहे.' सही होताच ते स्वतः अतिरिक्त ठरले.

"आता तू कुठे जाणार?" हाशमने डोळे पुसत विचारले.

"खलास," जमालुद्दीन म्हणाले.

दुसऱ्या क्लबचे समर्थन करायला रोव्हर्सची एनओसी लागणार होती. ती नाकारण्यात आली. अर्जदारास क्लबच्या दुःखाची व्यावसायिक गुपिते ठाऊक होती.

सुट्टीत ते ढोल घेऊन श्रीवर्धनजवळच्या आपल्या गावी आले. मोहल्ल्याची क्रिकेट स्पर्धा चालू होती. आयोजक तल्हाने त्यांना फाटकातच अडवले आणि फलक दाखवला: 'ढोल वाजवण्याचा हक्क फक्त स्थानिकांना.'

"अरे, माझा जन्म इथला!"

"असेल, चाचा. पण वर्षात दिवस किती असता इथे? समितीने एकशे ऐंशी ठरवलेत."

फलक त्यांच्या ओळखीचा होता. तीन वर्षांपूर्वी परप्रांतीय गवंडी मैदानात ढोल घेऊन येऊ लागले, तेव्हा तो लागला होता. खाली 'सौजन्य' असे लिहून देणगीदारांची नावे होती. पहिले जमालुद्दीन परकार, सौदी.

यादी बरीच लांब होती. वाचकांनी आपापले नाव शोधून घ्यावे.