दोन साडूंनी पासपोर्टाची पूजा केली त्याची हकीकत

श्री कुलस्वामिनी समर्थ असे. तिणें लिहविले तैसे लिहितो, खरेखोटे तिचे पदरी. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सरे, अधिक ज्येष्ठ मासी, समुद्रापलीकडील एका थंड राज्यात, ज्याचे नाव घेणे आम्हांस सोयीचे नाही, दोन साडू नांदत होते. थोरले विश्रामराव, धाकटे मकरंदपंत. आम्ही मकरंदपंतांचे तळघरात राहतो आणि त्यांचे घरची आमटी भक्षितो, सबब सत्यच लिहू, परंतु धाकटे पक्षाकडोन लिहू.

विश्रामरावांस सर्व काही अगोदर प्राप्त होत असे. घर अगोदर, मोटार अगोदर, डोईवर केस ते अद्याप. आणि मागील अधिक मासी दोघे जावई स्वदेशी सासुरवाडीस धोंड्याचे जेवणास गेले, तेव्हां सासूबाई इंदुमतीबाईसाहेबांनी अनारशांचे वाण थोरल्यांस चांदीचे ताटात दिधले आणि धाकट्यांस स्टीलचे. ते दिवसापासोन मकरंदपंतांचे पोटी जे दुखो लागले ते थांबले नाही. आम्हांसही ते ऐकोन ऐकोन दुखो लागले. मग यंदा बाईसाहेबांनी फोनवरोन सांगितले, "माझे गुडघे गेलेत. पुढच्या अधिकाला मी अनारसे तळीन याचा भरवसा नाही. जो जावई येईल त्याला चांदीचं ताट. आणि दोघं आलात, तर या खेपेला मकरंदरावांना."

परंतु दोघांचेही पासपोर्टाची मुदत सरत आली होती, आणि नवा देणे स्वदेशाचे वकिलातीचे हाती, आणि वकिलात विमानाचे पल्ल्यावर. वर्षातोन एकदा वकिलातीची माणसे या नगरीत येवोन छावणी करीत. ती कोठे आणि केव्हां, हे ज्यास कळे तो भाग्यवान. ते विश्रामरावांस कळले आणि ते ती गोष्ट गिळोन स्वस्थ बसले. मग एके दिवशी ते मिशा कातरोन, कलप लावोन दृष्टीस पडले. तेव्हां मकरंदपंतांचे कुटुंब शैलजाबाई यांनी ताडिले की हा पासपोर्टाचा फोटो. त्यांनी वकिलातीस फोन लाविला आणि तो खांद्याकानात धरोन सर्व पोळ्या लाटिल्या, आणि शेवटली पोळी तव्यावर असता कोणी फोन उचलिला, आणि स्थळकाळ हाती आले.

छावणीचे दिवशी रांगेत विश्रामराव पुढे आणि मकरंदपंत पाठीशी उभे ठाकले.

"अरे, तूही आलास? मी सांगणारच होतो तुला," विश्रामराव वदले.

"सांगितलंतच की. मिशांनी," मकरंदपंत वदले.

मग विश्रामरावांची पाळी आली. कचेरीची बाई आमचेच मुलखातील होती. तिणें पासपोर्ट उघडोन विचारिले, "काका, हे लाल काय लागलंय? मशीन वाचत नाहीये."

"कुंकू आहे. खंडेनवमीला पूजा केली होती."

"पासपोर्टची?"

"मग कशाची करू? घरात तलवार आहे का?"

बाई म्हणाली, "हे खराब पासपोर्टात धरतात. कागद राजधानीला जाणार. दोन महिने तरी धरा." म्हणजे अधिक मास गेला, ताट गेले. पाठीमागे मकरंदपंतांस ऐसा हर्ष जाहला की त्यांनी अनोळखी गृहस्थास पेपरमिंटची गोळी दिधली. मग त्यांची पाळी आली, आणि बाईने पासपोर्ट उघडिला, आणि मशीनास न दाविताच राजधानीचे गठ्ठ्यात ठेविला. त्याचे कारण ऐसे. थोरल्यांनी पासपोर्टास बोटभर कुंकू लाविले ही वार्ता गतवर्षीच धाकट्यांस कळली होती, आणि आपण कमी का पडावे म्हणोन त्यांनी ओल्या गंधाने आतील पानी, थेट आपले मुखावर, स्वस्तिक रेखिले होते, आणि वर अक्षता घालोन पासपोर्ट मिटविला होता. तांदूळ अद्याप चिकटलेले होते. विश्रामराव ते पाहोन हसले, आणि मग हसावयाचे थांबले.

अधिक मास संपता संपता मकरंदपंतांचे घरी सर्व जमले असता फोनवर एक फोटो आला. बाईसाहेबांस तिसरी कन्या आहे, वंदना, आणि तिचा नवरा मुकुंद सासुरवाडीहोन दोन गल्ल्यांवर राहतो. जावई गावातला, म्हणोन त्यास मान देण्याची कोणास आठवण होत नसे. आम्हीही त्यास आजवर लिहिण्यात आणिले नव्हते. तो चपला दाराशी काढोन, अर्ध्या चड्डीवर पाटावर बसला होता, मांडीपुढे चांदीचे ताट, आणि शेजारी बाईसाहेब त्यास धोंडा भरवीत हसत होत्या.

"चालत गेला असेल," मकरंदपंत म्हणाले.

"चालतच," विश्रामराव म्हणाले.

त्यांचे कुटुंब कुमुदबाई म्हणाल्या, "त्याचं काय घेऊन बसलात? वंदना रोज जाते. परवा नुसता कढीपत्ता मागायला गेली होती आईकडे."

ते ऐकोन शैलजाबाई उठल्या आणि मुदपाकखान्यात जावोन, भांडे एकही नसता, नळ सोडोन उभ्या राहिल्या. मग कुमुदबाईही गेल्या. आमचीही माता स्वदेशी आहे. आम्ही जिना उतरलो.

तात्पर्य, पासपोर्ट दोन मासांनी कोरे करकरीत आले, दोघां साडूंत तह जाहला, आणि तहाचे कलम एकच ठरले की मुकुंदाचे नाव घरात काढो नये. ते दोन्ही घरी रोज निघते.