आयचा डबा

नवनाथनं आईच्या अस्थी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवल्या, कारण दुसरा इलाजच नव्हता. अस्थी घरात घ्यायच्या नसतात, बाहेर झाडाला टांगायच्या, हे त्याला ठाऊक होतं. पण महाळुंग्यात तो भाड्यानं राहायचा त्या चाळीपुढचं एकुलतं एक झाड रस्तारुंदीत गेलेलं, आणि घरमालकीण दुर्गाबाई म्हणाल्या, "माझ्या गेटाला बांधशील तर बघ!" बहीण सांगोल्याहून गुरुवारी यायची होती, मग इंद्रायणीत विसर्जन. तोवर आईला ठेवायचं कुठं? बिचारा रडतरडतच कामावर आला. गाडगं कपाटात मावेना, म्हणून त्यानं अस्थी नमुन्यांच्या रिकाम्या डब्यात काढल्या आणि कुणी हात लावू नये म्हणून वर पट्टी चिकटवली, 'आय'. जन्मभर तो तिला याच नावानं हाक मारत आला होता.

आता ही प्रयोगशाळा म्हणजे अंतराळयानाच्या कवचाचे तुकडे भाजून बघायची जागा. यान परत हवेत शिरतं तेव्हा हे कवच स्वतः थोडंथोडं जळतं आणि आतल्या माणसांना वाचवतं. किती जळलं, ते वजन करून बघायचं. तुकड्यांना नावं घालायचं काम नवनाथचं, आणि तो ती इंग्रजी अक्षरं मराठी लिपीतच लिही: ए, बी, सी. त्या आठवड्यात गाडी एचपर्यंत आली होती.

बुधवारी तो विसर्जनाचं सामान आणायला चाकणला गेला, आणि इकडे तुकडे भाजणाऱ्या रुपाली मॅडमनी कपाट उघडलं. एचच्या शेजारी आय.

"अगं बाई, याचा तर चुराच झालाय!"

"चुरा कसा होईल?" प्रयोगशाळेचे प्रमुख साहेबराव केबिनमधून ओरडले. "त्यातला मोठा तुकडा ज्योतीत धरा, खरंखोटं कळेल."

नवनाथ परतला तेव्हा काचेपलीकडं जांभळी ज्योत घोंघावत होती आणि कपाटात डबा नव्हता.

"मॅडम, आय कुठंय?"

"आत. आत्ताच लावलाय."

"माझी आय हाय वो ती!"

"तुझं-माझं काय त्यात? कंपनीचा नमुना आहे."

"मॅडम, आय! मला जल्म दिलेली आय!"

मॅडमचा हात बटणावर पडला. ज्योत विझली. आईला अग्नी देताना नवनाथ धीरानं उभा राहिला होता. आता मात्र तो फरशीवर बसून हमसून हमसून रडला. मॅडमही रडल्या. "माफ कर रे," एवढंच म्हणत त्यांनी तो तुकडा चिमट्यानं काढला, गार होऊ दिला, आणि त्यांचा हात सवयीनं वजनकाट्याकडं गेला. चूक लक्षात येईपर्यंत नवा आकडा पडद्यावर भाजण्याआधीच्या वजनाशेजारी आला होता.

तेवढ्यात साहेबराव बाहेर आले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"अरे, गुंजभरसुद्धा घटलं नाही! हा आय म्हणजे कमालच निघाला. नवनाथ, कुणाकडून आलाय बघ, आणखी मागव."

नवनाथनं तुकडा रुमालात घेतला.

"न्हाई मिळायची, साहेब," तो म्हणाला. "एकच हुती."